काशव्वासारखे डोळे

दानव्वाने भरलेल्या कसूतीच्या भरतकामाची सुलट बाजू कुठली आणि उलट कुठली, हे ओळखून दाखवेल त्याला ती स्वतःच्या हातची शेंगाहोळगी, शेंगदाण्याची पोळी, खायला घालीन म्हणायची. माझ्या केंद्रात आलेल्या कितीतरी बायकांनी पदर उलटापालटा करून पाहिला. कुणाला सांगता आलं नाही. होळगी मात्र सगळ्यांना मिळायची, कारण जिंकली की दानव्वाचा हात सैल सुटायचा.

मी जन्माने मिरजेची. लग्न होऊन धारवाडला आले त्याला सदतीस वर्षं झाली. आसपासच्या गावांतल्या बायकांकडून कसूती भरून घ्यायची आणि लग्नघरांना साड्या पुरवायच्या, हे माझं काम. तडकोडच्या दोन जावा, दानव्वा आणि काशव्वा, अगदी सुरुवातीपासून माझ्याकडे. दानव्वा थोरली, काशव्वा तिच्याहून दोन वर्षांनी लहान. सासू एकच होती, चुली वेगळ्या झाल्या, आणि अंगण कमरेएवढ्या भिंतीने वाटून घेतलं. दोघींना सुई धरायला शिकवलं ते सासूनेच. कापडाचे धागे मोजायचे, गाठ म्हणून मारायची नाही, आणि सुई गेली त्याच वाटेने परत आणायची. एक धागा चुकला की वर भरलेला अख्खा रथ वाकडा.

एक नंबर दानव्वा, दोन नंबर काशव्वा, असं गाव म्हणायचं. म्हणायला सुरुवात कुणी केली ते ठाऊक नाही. मला वाटतं, दानव्वानेच. काशव्वाला विचारलं तर ती म्हणायची, "अक्काचं बघून बघून आलं मला." त्यावर दानव्वा देवळातल्या पुजाऱ्यासारखी मान हलवायची. पण या एक नंबरवालीची नजर कायम दोन नंबरकडेच लागलेली. मी चहा आधी कुणाला दिला, काशव्वाच्या पिशवीत साड्या किती, तिच्या सुनेने तिला आणलेलं लुगडं कुठल्या दुकानातलं, सगळं हिला ठाऊक. दानव्वाचा नवरा कधीच गेला होता आणि काशव्वाचा अजून कट्ट्यावर बसून पान खात होता, हेही काशव्वाने मुद्दाम जमवून आणलंय असं तिला वाटायचं.

चौसष्टाव्या वर्षी दानव्वाचा चष्मा सुटला. एके दिवशी तो तिने काढून ठेवला आणि उघड्या डोळ्यांनी सुई ओवली. मग काय विचारता! केंद्रात, पिठाच्या गिरणीत, बसमध्ये, दिसेल त्याला ती थांबवून सांगायची, "काशीला चाळिशी लागली ती लागलीच. मला बघा. म्हातारपणी डोळे तरुण झाले." काशव्वा हसून म्हणायची, "अक्काला देवीचं देणं आहे." आम्हा सगळ्यांना ते खरंच वाटलं.

पुढच्या चार वर्षांत दानव्वा हळूहळू सगळ्यांवर चिडायला लागली. हल्लीचे ड्रायव्हर समोरच्याच्या डोळ्यांत दिवे मारतात. दुपारच्या उन्हात बाहेर पडायची सोय उरली नाही. मुलाचं, ईरण्णाचं, पांढरं धोतर वाळत घातलं की ती सुनेला म्हणायची, "धुतलंस की हळदीत बुडवलंस?" बसची पाटी हल्ली कुणी नीट रंगवत नाही. प्रत्येक गोष्टीत खोट होती ती दुसऱ्याची. गुडघ्यामुळे तिने धारवाडला येणंही कमी केलं. दोघींच्या साड्या एकाच पिशवीतून काशव्वा घेऊन यायची. दोघींचंही काम नेहमीसारखं चोख असायचं.

त्या वर्षी दसरा झाला आणि काशव्वा सांगून गेली, "महिनाभर लेकीकडे गदगला जाते." त्या महिन्यात दानव्वाची साडी ईरण्णा घेऊन आला. घडी उघडली आणि मी दचकले. रथाचा कळस तीन धागे सरकलेला. एका हत्तीची सोंड थेट पाठीतून निघालेली. तपकिरी रंग सांगितला होता तिथे जांभळा. मला वाटलं, बरं नसेल. पण दुसरी आली तीही तशीच, तिसरी त्याहून वाईट. मी उसवायला दिल्या आणि कुणाला काही बोलले नाही.

काशव्वा परत आली आणि चार आठवड्यांनी तिची चंद्रकळा माझ्यासमोर पडली. काळ्या कापडावर धागे मोजणं म्हणजे तरुण पोरींच्याही डोळ्यांतून पाणी निघतं. आणि या सहासष्ट वर्षांच्या बाईने गोपुर असं भरलं होतं की मी न राहवून बाकीच्या बायकांना हाका मारल्या, "या गं, बघा!" त्याच आठवड्यात बेळगावच्या एका घरातून नवरीच्या चंद्रकळेचं काम आलं. नवरीची साडी माझ्याकडे नेहमी दानव्वाकडे जायची. या खेपेला मी ती काशव्वाला दिली.

तिसऱ्या दिवशी दानव्वा गुडघा धरत, बसने, एकटी केंद्रात आली.

"बाई, मी मेले का?"

"असं काय बोलता, दानव्वा? बसा आधी."

"मेले नाही ना? मग नवरीची साडी काशीकडे कशी गेली?"

मी काहीही सांगितलं असतं तरी तिला पटलं नसतं. कपाटातून तिचीच साडी काढून पुढे ठेवली. तिने ती नाकाला लागेल इतकी जवळ धरली.

"धागा वाईट आहे तुमचा. हल्लीचे रंग असेच."

"तपकिरी सांगितला होता, दानव्वा. हा जांभळा आहे."

"तपकिरीच आहे."

"जांभळा आहे हो."

पलीकडे बसलेल्या दोन मुलींनी तोंडाला पदर लावला. दानव्वाला ते दिसलं नाही, पण हसू ऐकू आलं. तिने साडीची घडी घातली, ती कधी घालायची नाही इतकी वाकडीतिकडी, आणि माझ्या कानाशी वाकली.

"एक सांगते. काशी स्वतः भरत नाही. तिची सून भरते, गिरिजा. काशीचे डोळे कधीच गेलेत. गेल्या उगादी-पाडव्याला पापड समजून केळीचं पान तळायला निघाली होती! आणि आता एकदम काळ्यावर गोपुर? कुणाला शिकवता?"

"पाहिलंत का तुम्ही?"

"पाहीन. हातात सुई असताना पकडीन. मग बघू नवरीची साडी कुणाची ते."

पुढच्या सोमवारी मी नवरीच्या साडीचं रेशीम द्यायला तडकोडला गेले. काशव्वा अंगणात कोवळ्या उन्हात डोक्यावरून पदर घेऊन भरत बसली होती. तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. मला ते जाणवलं, पण विचारायचं राहून गेलं. गिरिजा आत चहा ठेवायला गेली. मी कट्ट्यावर टेकले, एवढ्यात भिंतीपलीकडे दानव्वाचं डोकं वर आलं, क्षणभर थांबलं, आणि खाली गेलं. मग ती दारातून तरातरा आत आली.

"सापडलीस! गिरिजे, सापडलीस!" ती अंगणाच्या मध्यावर उभी राहून हात नाचवत होती. "सासूच्या नावावर तू सुई चालवायची आणि तिने माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायच्या! बाई, बघा, आता तरी बघा! लाज नाही वाटत तुला, काल आलेल्या पोरीला?"

काशव्वा सुई हातात धरून तशीच बसून राहिली. एवढ्यात चहाचं ताट घेऊन गिरिजा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

दानव्वाने तिच्याकडे पाहिलं. मग बसलेल्या बाईकडे. परत तिच्याकडे. त्यांच्यात दहा हातांचंही अंतर नव्हतं.

"अक्का," बसलेली बाई म्हणाली, "मी आहे. काशी."

गिरिजाला हसू फुटलं. काशव्वाने मान वळवून तिच्याकडे असं पाहिलं की ताटातले पेले वाजले. दानव्वा पुढे झाली, गुडघा दुखत असूनही खाली वाकली, आणि जावेच्या तोंडापासून वीतभर अंतरावर थांबली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं रोज पाहिलेलं तोंड.

"तुझा चष्मा कुठाय?"

"जवळचं बघायला लागत नाही आता." काशव्वाने सुई कापडात खोचून ठेवली. "गदगला नव्हते गेले मी. हुबळीच्या दवाखान्यात गेले होते. आधी एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, पंधरा दिवसांनी दुसऱ्याचा."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"कसं सांगू? तू गावभर केलं असतंस, काशी आंधळी झाली म्हणून. कामं बंद झाली असती माझी."

हे खोटं नव्हतं. दानव्वालाही ते ठाऊक होतं. ती उभी राहिली. चहा तसाच ठेवून दाराकडे निघाली, आणि भिंतीला हात लावून चाचपत जाताना म्हणाली, "डोळेसुद्धा चोरून आणलेस, काशी."

त्यानंतरचे दिवस ईरण्णाकडून ऐकले. आपल्याला दिसत नाही, हे ती एकदाही म्हणाली नाही. म्हणायची ते एवढंच, की तिला दिसतं. सकाळी भिंतीपलीकडे काशव्वा तांदूळ निवडताना दिसली, म्हणजे दिसली अशी वाटली, की हिची चूल आपटायला सुरुवात. काशी रस्त्यावरून कुणाला नावाने हाक मारते ते ऐकून हिच्या अंगाची लाही व्हायची, कारण हिला आता माणूस बोलल्याशिवाय ओळखू येत नव्हता. डोळ्यांत मध घालून झाला. मग बाजारात एक जण चाळीस दिवसांत मोतीबिंदू विरघळवून देणारी थेंबांची बाटली विकत होता, ती आणली. आठव्या दिवशी डोळे लालबुंद, पापण्या सुजून टेकलेल्या. ईरण्णा घाबरून माझ्याकडे घेऊन आला.

"चला दवाखान्यात," मी म्हटलं.

मला वाटलं, आता भांडेल. ती म्हणाली, "काशीला केलं तिथंच जायचं. आणि तिला बसवली त्याच्यापेक्षा भारी काच पाहिजे."

डॉक्टर कुबसद म्हणजे ठेंगणी, मोठ्या आवाजाची, आमच्याच भागातली बाई. आधी तिने बाटलीवरून दानव्वाला सणसणीत बोलून घेतलं. डोळ्यांची लाली आठवड्यात उतरली, तेव्हा बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून तिने तपासलं.

"आज्जी, जवळचा चष्मा कधी सुटला होता का तुमचा?"

"चार वर्षांपूर्वी!" दानव्वाचा चेहरा उजळला. "एकदम सुटला. सुई ओवायची मी."

"तिथूनच सुरू झालं. तुमच्या डोळ्यात एक भिंग असतं, देवानेच बसवलेलं. वय झालं की ते गढूळ होतं, पिवळं पडतं, घट्ट होतं. घट्ट होताना थोडे दिवस जवळचं छान दिसतं. माणसाला वाटतं डोळे तरुण झाले. मग लांबचं जातं, दिवा डोळ्यांत फुटतो, रंग ओळखू येत नाहीत. शेवटी जवळचंही जातं."

चार वर्षं दानव्वाने गावभर मिरवलेली गोष्ट तिच्या हातातून काढून घेतली होती. तिने माझ्याकडे वळून पाहिलं, आणि मला माहीत आहे तिला काय विचारायचं होतं: हे काशीलाही कळणार का?

ईरण्णाने विचारलं, "पिकलाय का हो? आमचे वडील म्हणायचे, पिकल्याशिवाय काढू नये."

"आंबा आहे का तो, पिकायला? जुन्या काळी तसं होतं. आता रोजचं काम अडायला लागलं की काढायचा. फार दिवस ठेवला तर कडक होतो, काढायला त्रास. आणि कुठल्याही थेंबाने तो विरघळत नाही, आज्जी. जगात तसा थेंबच नाही."

"मग काढा," दानव्वा म्हणाली. "आजच काढा."

पण रक्त तपासलं तर साखर दोनशे ऐंशी. तिला मधुमेह आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टरने पुन्हा डोळे तपासले, डोळ्याच्या आतला मागचा पडदा साखरेने बिघडलेला नाही म्हणाली, तेवढं नशीब. "पण साखर उतरल्याशिवाय हात लावणार नाही. जखम लवकर भरत नाही, पू व्हायची भीती असते. गोळ्या, चालणं, पथ्य. सहा आठवड्यांनी या."

"काशीची साखर किती होती?"

"दुसऱ्यांचं मी सांगत नाही."

"म्हणजे कमी होती," दानव्वा म्हणाली आणि उठली.

पुढचे सात आठवडे तडकोडच्या लोकांनी एक वेगळीच दानव्वा पाहिली. सकाळी ईरण्णाचा हात धरून टेकडीवरच्या देवळापर्यंत जायची, संध्याकाळी परत. ईरण्णाला धाप लागायची. "अव्वा, जरा टेक." "तू टेक. काशी माझ्या आधी सगळं करून बसली, आता टेकू कशाला?" भात सोडला, ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी. चहा बिनसाखरेचा. धारवाडचा पेढा कुणी पुढे केला तर तोंड फिरवायची. संक्रांतीला काशव्वाने भिंतीवरून होळगी पाठवली, तर हिने ताट जसंच्या तसं परत केलं. "सांग तिला, माझी साखर वाढवायचा डाव कळतो मला." दुसऱ्या दिवशी काशव्वाने गूळ न घातलेली शेंगाचटणी पाठवली. ती मात्र ठेवून घेतली. परत करायला कारण सापडलं नाही.

साखर खाली आली. डोळ्याचं माप घ्यायच्या दिवशी डॉक्टरने विचारलं, "तुम्हाला चष्म्याशिवाय काय दिसायला पाहिजे? लांबची बस की जवळची सुई? आतली काच तशी निवडता येते. दुसऱ्यासाठी चष्मा लागेल."

"काशीने काय घेतलं?"

"आज्जी, तिच्या डोळ्याचं माप वेगळं, तुमचं वेगळं. तिची काच तुम्हाला बसायची नाही."

"सुई," दानव्वा म्हणाली. "बस कंडक्टर सांगेल."

उजवा डोळा आधी झाला. आत पाव तासही लागला नाही. ती नंतर म्हणाली, दुखलं नाही, नुसते रंगीत दिवे हलत होते आणि डॉक्टरीण कुणाला तरी आज डब्यात काय आहे ते विचारत होती. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी शेजारी होते. तिने आधी पलंगावरची चादर पाहिली. मग उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिली. परत डावा झाकून उजव्याने. असं चार-पाच वेळा केलं.

"यव्वा," ती म्हणाली. "ही पांढरी आहे."

"हो."

"आणि या डोळ्याने बघितली तर हळद." मग तिचं लक्ष ईरण्णाकडे गेलं. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. "तू म्हातारा कधी झालास रे?"

ईरण्णा हसला आणि तोंड फिरवून खिडकीशी गेला.

थेंब दिवसातून चार वेळा, डोक्यावरून पाणी नाही, डोळा चोळायचा नाही, चुलीच्या धुरात जायचं नाही, काळा चष्मा लावायचा, आणि सुईला इतक्यात हात लावायचा नाही. डोळा दुखला, लाल झाला किंवा नजर कमी झाली तर धावत यायचं. दानव्वाने एकूण एक गोष्ट पाळली. काशव्वाने पाळली होती ना.

सुई धरायची परवानगी मिळाली तेव्हा तिने ट्रंकेतून नातीसाठी ठेवलेली साडी काढली. दोन वर्षांपूर्वी भरलेली, तिच्या मते तिची आजवरची सगळ्यात सुंदर. काठाला शेवटचा हात फिरवायला माझ्याकडे येऊन गेलेली. तीही काशव्वाच्याच पिशवीतून.

आता हे नीट समजून घ्या. प्रत्येक बाईचा हात वेगळा असतो. दानव्वा धागा ताणून ओढते, काशव्वा किंचित सैल सोडते. गिऱ्हाइकाला कळत नाही, आम्हाला कळतं. दानव्वाने साडी उन्हात पसरली आणि नव्या डोळ्याने बघायला लागली. रथाच्या डाव्या चाकात धागा सैल होता. तुळशीवृंदावनात सैल. मोराच्या मानेत सैल. आणि जिथे जिथे सैल, तिथे शेजारी आधीच्या, उसवलेल्या टाक्यांची बारीक भोकं. तिने मोजली. बावीस जागा.

पुढचं मला आधी गिरिजाने सांगितलं, मग दानव्वाने स्वतः. दोघींच्या सांगण्यात काही फरक नव्हता. दानव्वा साडी घेऊन भिंतीशी आली.

"काशी! हा हात तुझा आहे."

काशव्वा भाजी चिरत होती. तिने विळी बाजूला केली. "हो."

"कधीपासून?"

"झाली असतील तीन वर्षं. धारवाडला न्यायच्या आधी तुझी साडी घेऊन बसायचे जरा. धागे सरकायला लागले होते तुझे."

"सांगायचं होतंस मला."

"तुला? तू मला विहिरीत ढकललं असतंस, अक्का."

"मग डोळे कशाला केलेस चोरून?"

"मलाही दिसेना झालं. तुझ्या चुका उसवायच्या, माझ्या उसवायच्या, आणि दोन्ही दिसेनात. दोघींतल्या एकीला तरी दिसायला हवं ना."

मला आधी वाटलं, इथे दानव्वा रडली असेल. रडली नाही. ती साडी गोळा करून आत गेली आणि दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली, काळा चष्मा काढून टेबलावर आपटला, आणि म्हणाली:

"सुईत पुढे गेली असती तर सोसलं असतं मी. ही चांगुलपणातही पुढे गेली, बाई. आता मी हिच्यावर जळायचं तरी कसं? जळायलासुद्धा जागा ठेवली नाही तिने."

तरी ती जळत होतीच. घरी जाऊन तिने ब्लेड घेतलं आणि काशव्वाचा एकेक टाका उसवून काढला, बावीसच्या बावीस जागा, आणि त्यांच्यावर स्वतः भरायला बसली. मध्ये डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतरचे दिवस पाळून पुन्हा बसली. एकूण चार महिने गेले. शेवटी साडी घेऊन केंद्रात आली आणि उजेडात पसरली. नेहमी सोबत येणारी ऐट नव्हती. नुसतीच उभी राहिली.

मी पाहिली. हात सुंदर होता. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी तसा हात कुणाचा नसतो. पण पुन्हा पुन्हा उसवल्यामुळे कापड विरलं होतं, आणि मोराच्या मानेत ती लय नव्हती जी काशव्वाच्या टाक्यांत होती.

"खरं सांगा, बाई. एक नंबर कोण?"

तीस वर्षं मी तिला हवं ते उत्तर देत आले होते. ते तोंडात येऊन थांबलं. ज्या बाईने दोन्ही डोळे कापून घेतले, तिला पुन्हा तेच सांगून कसं चालेल?

"काशव्वा," मी म्हटलं.

ती खुर्चीवर बसली. पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायली.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "सासूला पण ठाऊक होतं. शिकवायला बसली की माझं उसवायची, रोज उसवायची. काशीचं कधी उसवलं नाही तिने. एकदाही नाही. मी नवी नवरी होते, मला वाटायचं, धाकटी लाडकी आहे." मग तिने मोराच्या मानेवरून बोट फिरवलं. "लाडकी नव्हती. बरोबर भरत होती."

मला वाटलं आता ती काम सोडेल. तिने पेला खाली ठेवला. "नवीन साडी द्या. काळी नको, निळी द्या. आणि माझी साडी यापुढे ईरण्णा आणेल. काशीच्या पिशवीत घालायची नाही. माझ्या चुका माझ्या राहू देत."

तेव्हापासून तसंच चाललंय. तिच्या साडीत एखादा धागा सरकलेला असतो, मी दाखवते, ती शिव्या घालत उसवते. दर सहा महिन्यांनी डोळे आणि साखर तपासून घेते, काशव्वाच्या आदल्या दिवशी.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याच दवाखान्याने तडकोडच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर घेतलं. काशव्वा आठवडाभर आधीपासून घरोघर फिरत होती. कोण म्हातारं भिंत धरून चालतं, कोण दिव्याला घाबरतं, कुणाला माणूस ओळखू येत नाही, सगळ्यांना गोळा करून नऊ जणांना घेऊन आली. दानव्वाला हे आदल्या दिवशी सकाळी कळलं. शिबिराच्या दिवशी ती बारा म्हाताऱ्यांची रांग घेऊन शाळेच्या फाटकातून आत शिरली. पुढे स्वतः, मागे ईरण्णा मेंढरं हाकल्यासारखा. रांगेत कुंभाराचा निंगप्पा होता. तो म्हणत होता, माझा अजून पिकला नाही.

"आंबा आहेस का रे तू?" दानव्वा ओरडली. "पिकायची वाट बघत बसलास! चल पुढे. आणि ती बाजारातली बाटली घातली असशील तर आधीच सांग, डॉक्टरीण फार बोलते."

कुबसद डॉक्टरने टेबलावरून मान वर केली. "एवढे लोक कुणी आणले?"

काशव्वा तोंड उघडणार, एवढ्यात दानव्वा म्हणाली, "बारा माझे. नऊ तिचे. आणि तिच्या नऊतला एक माझ्या बाजूचा शेजारी आहे, तो मोजू नका."

काशव्वाने आपल्या रांगेतल्या त्या म्हाताऱ्याला दंडाला धरलं, आणि हसत हसत नेऊन दानव्वाच्या रांगेत उभा केला. दानव्वाने त्याच्याकडे पाहिलं, मग काशव्वाकडे, आणि तिचे नाक-कान लाल झाले.

"राहू दे!" ती म्हणाली. "घेऊन जा तुझा तू. मला नको तुझं दिलेलं."

म्हातारा बिचारा दोघींच्या मध्ये उभा राहून विचारत होता, "अगं, पण मी कुठल्या रांगेत?"